थंड चुलीवरचा रस्सा

ही गोष्ट घडलेली आहे. कुठे ऐकलेली नाही, रचलेली तर नाहीच. जिच्यावर ती गुदरली ती माझी सख्खी आत्या, लानये. आज ती साठीला आली आहे. चीनमधल्या आमच्या शांशी प्रांतातच राहते, धडधाकट आहे, डोकं ठिकाणावर आहे.

फक्त ती कसलाही रस्सा तोंडाला लावत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा नाही.

आणि तिच्या हातचं जेवण कधी खारट असतं, कधी अळणी. शिजवताना ती मीठ बघत नाही.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. गाव लिऊगौ, म्येनशान डोंगराच्या पायथ्याला. वार आठवत नाही, पण दिवस पक्का आहे. छिंगमिंगचा आदला दिवस. छिंगमिंगला आम्ही आपापल्या माणसांच्या कबरी झाडतो, आणि त्याच्या आदल्या दिवशी गावात चूल पेटत नाही. थंड चुलीचा सण.

का पेटत नाही, ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. फार जुन्या काळी छोंगअर नावाचा राजपुत्र देशोधडीला लागला. रानोमाळ भटकता भटकता भुकेने मरायला टेकला. तेव्हा त्याचा चाकर ज्ये झीथुई याने स्वतःच्या मांडीचा लचका कापला, त्याचा रस्सा केला आणि धन्याला पाजला. पुढे धन्याला गादी मिळाली. सगळ्यांना इनामं वाटली. मांडी कापणाऱ्याला तेवढं विसरला. झीथुई म्हाताऱ्या आईला घेऊन म्येनशानच्या जंगलात निघून गेला. मग राजाला उशिरा आठवण झाली. बोलावणं धाडलं, हा येईना. तर याला बाहेर काढायला राजाने काय करावं?

डोंगर पेटवून दिला.

मायलेक वाळुंजाच्या झाडाला मिठी मारून जळाले. राजा रडला म्हणे. आणि फर्मान काढलं, या दिवशी कुणी विस्तव करायचा नाही.

एवढीच गोष्ट. तेव्हापासून आम्ही कापणाऱ्याला हात जोडतोय. त्याची देवळं आहेत, त्याच्या नावाने कणकेच्या पाकोळ्या वाफवतो, दाराला वाळुंजाच्या फांद्या खोचतो. पण खाणाऱ्याचं काय? बोकडाची चव कळते, सशाची कळते, मग त्या भाडखाऊला आपण काय गिळतोय हे कळलं नसेल?

हा प्रश्न मी लहानपणी विचारला, तेव्हा आत्याने माझ्या तोंडावर हात दाबला होता.

तर ऐका.

लानयेचा बाप, म्हणजे माझा आजोबा, त्वान मानतुन. मानतुन म्हणजे भरलेलं कोठार. कोठार राहू द्या, त्याची आयुष्यात कधी वाटीही भरली नाही. तो रेन थिंगयूच्या कोळशाच्या खाणीवर मुकादम होता. दोघं एका आळीत वाढलेले. एक मालक झाला, एक मुकादम.

मानतुनच्या उजव्या मांडीत खळगा होता. मूठ आत बसेल एवढा. खळग्याच्या आत पायरीसारखी एक कड होती. पोरं विचारायची, तेव्हा तो म्हणायचा, "लांडग्याने तोडलं." डावी मांडी धड होती. तिच्यावर निळी खूण होती, कोयत्यासारखी वाकडी. खाणीत जखम झाली आणि तिच्यात कोळसा भरला की कातडी जन्मभर निळी राहते. लहानपणी बाप अंघोळीला बसला की लानये त्या कोयत्यावरून बोट फिरवायची.

मग एके वर्षी खाणीत आग लागली. सगळे बाहेर आले. मालक म्हणाला, "मानतुन, आतलं दार लावून ये, नाहीतर अख्खा थर जळेल."

मानतुन गेला.

आणि तो आत असतानाच मालकाने खाणीचं तोंड विटांनी बांधून घेतलं. हवा मिळाली तर आग पसरते म्हणे. "तो एव्हाना गेला असणार," असं म्हणाला. गवंड्यांनी विटा लावल्या. आतून ठोकल्याचा आवाज आला, असं त्यांतला एक जण पुढे दारू पिऊन बोलला. दुसऱ्या दिवशी त्याला काम राहिलं नाही.

त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. माझी आजी, मानतुनची बायको, रडून रडून डोळ्यांनी अधू झाली. माझा बाप दूर ताईयुआनला विटा वाहत होता. लानये मालकाच्याच घरी स्वयंपाकाला राहिली. लोक तिला तोंडावर बोलायचे, "बापाला गाडणाऱ्याची भांडी घासते!" ती भांडी घासत राहायची. तिला मालकाकडून एकच गोष्ट हवी होती. ती भिंत फुटावी आणि बापाची हाडं बाहेर यावीत. छिंगमिंगला अख्खं गाव कबरींवर जायचं, आणि ही मायलेकींची जोडी रिकाम्या हाताने घरात बसायची. झाडायला कबरच नव्हती.

दर वर्षी मालक म्हणायचा, "पुढच्या छिंगमिंगला नक्की."

गावाचा निम्मा चरितार्थ त्याच्या दुसऱ्या खाणीवर चालायचा. भिंतीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्या दिवशी सकाळी हे-आजी आली. 'हे' हे तिचं आडनाव. गावातली सगळ्यात म्हातारी बाई, तोंडाने फटकळ. तिच्या टोपलीत कोंबडीची पांढरी पिसं. ही आमच्याकडची जुनी रीत. घरोघरच्या चुलीत, थंड राखेत, एक पीस उभं खोचायचं. संध्याकाळी येऊन बघायचं. पीस करपलेलं निघालं, तर त्या घराने चूल पेटवली. मग गावावर गारा पडतात, उभं पीक झोपतं. म्हणून त्या घराला गाव सांगेल तो दंड. त्यातून मालकही सुटत नाही.

मालकाचं घर आमच्या सगळ्यांच्या घरांसारखंच, पिवळ्या मातीच्या डोंगरात कोरलेलं. बायको-मुलगा तालुक्याला नव्या बंगल्यात राहायचे. हा मात्र इथेच. एकच लांब खोली. एका अंगाला चूल, तिच्यात बसवलेली लोखंडी कढई, आणि चुलीला लागूनच निजायचा विटांचा ओटा. चुलीचा धूर ओट्याच्या पोटातून जातो आणि ओटा तापतो. आज चूल थंड, म्हणून ओटाही थंड. मालक दोन रजया ओढून त्याच्यावर कुडकुडत पडला होता. खाणीचं तोंड बांधलं तेव्हापासून त्याला सतत थंडी वाजायची. उन्हाळ्यातसुद्धा.

हे-आजीने पीस खोचलं आणि रजईकडे बघून म्हणाली, "काय रे थिंगयू, मेलास की जिवंत आहेस?"

"तुला पोचवल्याशिवाय मरत नाही, आजी."

"मला पोचवायला माझी नातवंडं आहेत. तू तुझं बघ. तुला पोचवायला कोण येतंय ते!"

ती गेली. मग वारा सुटला.

चैत्राच्या तोंडावर आमच्याकडे पिवळी धूळ येते. त्या दिवशीची जरा जास्तच होती. दुपारी बाराला अंगण दिसेना. खिडकीचा कागद पिवळा पडला, मग तपकिरी झाला. दाराला खोचलेली वाळुंजाची फांदी लाकडावर नखं घासल्यासारखी खरखरत होती.

"लानये, चूल पेटव."

"काका, आज?"

"आजच. पोटात बर्फाची लादी ठेवल्यासारखं होतंय."

"पाकोळ्या वाफवून ठेवल्यात कालच. मुगाचा थिजवलेला लपका आहे, शिरका घालून देते—"

"तो गार शेंबूड तू गीळ. मला ऊन रस्सा पाहिजे. मटणाचा. खुंटीला तंगडी टांगली आहे ती आण."

लानये हलली नाही.

मालक कोपरावर उठला. "उद्या भिंत फोडू. माणसं सांगतो सकाळी."

"गेल्या वर्षीही हेच म्हणालात."

"गेल्या वर्षी तू मागत होतीस. यंदा मी मागतोय."

आता सांगा, तिने काय करायचं? एकीकडे गावाची रीत. एकीकडे बापाची हाडं. आणि बाप तर असा, की थंड चुलीच्या दिवशी त्याने कधी विडीसुद्धा पेटवली नव्हती.

तिने चुलीतलं पीस अलगद उपटलं आणि फळीवर ठेवलं. रस्सा झाला की राख निवू द्यायची आणि पीस परत खोचायचं, असा तिचा बेत. कढईत रांजणातलं पाणी ओतलं. नुसतं पाणी. लाकडी झाकण ठेवलं. काड्या रचल्या, काडेपेटी काढली.

पहिली काडी पेटली आणि तिची ज्योत आडवी झाली... चुलीच्या आत. धुराच्या भोकाकडे. कुणी आतून श्वास ओढून घ्यावा तशी.

विझली.

दुसरी काडी. तसंच.

तिसरी तिने हाताच्या ओंजळीत धरली. या वेळी ज्योत बाहेर आली, तिच्या तोंडाकडे. आतून कुणी फुंकल्यासारखी. फुंकीला वास होता. ओल्या कोळशाचा. आणि त्याच्याखाली दुसराच, न धुतलेल्या जखमेचा.

तिने काडेपेटी टाकून दिली. पटकन काड्या बाहेर ओढल्या. पीस परत राखेत खोचलं. राख थंडगार होती, हे ती आजही शपथेवर सांगते. बोटं राखेत बुडवून तिने स्वतः पाहिलं होतं.

"काका, काड्या सर्दल्यात. पेटत नाही."

"मग हा आवाज कसला?"

तेव्हा तिला तो ऐकू आला.

ठक... ठक... ठक.

थांबला.

ठक... ठक... ठक.

वाऱ्याचा नव्हता. दाराकडून नव्हता. आवाज ओट्याच्या पोटातून येत होता. मालकाच्या पाठीखालून. विटेवर दगड मारल्याचा. खाणकामगाराच्या पोरीला हा आवाज सांगावा लागत नाही. अडकलेला माणूस असाच ठोकतो. ठोकतो आणि थांबतो, कारण उत्तर ऐकायचं असतं.

"उंदीर असतील," मालक म्हणाला. पण पाय त्याने वर घेतले होते.

आणि मग वास आला.

पिसाचा. केस जळल्याचा असतो तसा. लानयेने चुलीत पाहिलं... पिसाचं टोक हळूहळू वळत होतं. पांढऱ्याचं पिवळं, पिवळ्याचं काळं. विस्तव नाही, धूर नाही, ठिणगी नाही. पीस आपलं आपण आक्रसत गेलं आणि काळी काडी होऊन राहिलं.

तिने चुलीच्या अंगाला हात लावला. दगडासारखी गार.

कढईवरचं झाकण मात्र हललं.

डुगडुग... डुगडुग...

आत काहीतरी उकळत होतं.

तुम्ही म्हणाल, पळाली का नाही? मीही विचारलं. ती म्हणाली, "अरे, पाय जातात कुठे, डोकं जातं कुठे. आणि हात? हाताला रोजचंच काम माहीत." चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईचा हात तो. तिने झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. कढईत नुसतं पाणी ओतलेलं, आणि आत दाट रस्सा. वर चरबीचे पिवळे चट्टे तरंगत होते. खाली तुकडे वरखाली होत होते.

आणि वास चांगला होता.

हेच तिला सगळ्यात किळसवाणं वाटतं, आजही. सकाळपासून पोटात एक गार पाकोळी. त्या वासाने तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तिने पळी बुडवली. ढवळलं.

हात सवयीने चालला होता.

"झालं ना? वाढ की मग! खोटारडी, म्हणे पेटत नाही!"

"काका, मटण अजून खुंटीलाच आहे."

"मग हे काय शिजतंय?"

"मला माहीत नाही."

शहाणा माणूस इथे उठून बाहेर पळाला असता. मालक उठला, पण चुलीकडे आला. रजई अंगावर तशीच फरफटत. तिच्या हातातली पळी हिसकली, वाडगा भरला आणि उभ्या उभ्या तोंडाला लावला.

ओट्यातली ठकठक थांबली.

त्याने अर्धा वाडगा संपवला. मग त्याचा चेहरा बदलला. घाबरला नाही. लहान पोराला हरवलेली वस्तू सापडावी, तसा झाला.

"ससा," तो म्हणाला.

"काय?"

"तुझा बाप म्हणाला होता. ससा मिळाला म्हणून."

तो दुसरा वाडगा भरत होता. बोलता बोलता पीत होता. हनुवटीवरून चरबी गळत होती.

"दुष्काळाचं वर्ष होतं. आम्ही दोघं डोंगरात होतो. मला ताप. पोट पाठीला लागलेलं. झाडांच्या साली खाऊन झालेल्या, माती खाऊन झालेली. मानतुन बाहेर गेला आणि रस्सा घेऊन आला. म्हणाला, पी थिंगयू, ससा मिळाला." तो हसला. "अख्ख्या डोंगरात उंदीर उरला नव्हता, आणि याला म्हणे ससा मिळाला!"

लानये एक पाऊल पुढे आली. "म्हणजे... तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? त्याची तुमान भिजलेली. लंगडत होता."

ठक... ठक... ठक.

मालकाने घाईघाईने घोट घेतला. ठकठक थांबली.

"मग तुम्ही काय केलंत?" तिने विचारलं.

त्याने ओठ चाटले.

"दुसऱ्या दिवशी परत मागितला."

खळग्यातली पायरी. ती कड. बापाच्या मांडीवर दोन वेळा सुरी चालली होती. लहानपणापासून पाहिलेली ती कड तिला त्या क्षणी कळली.

मालक आता पळीनेच खात होता. वाडगा कधीच पडला होता. तुकडे तोंडात कोंबत होता आणि चावताना आवाज येत होता... कचकच, कचकच. दातांखाली कोळसा आल्यासारखा. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून काळी लाळ ओघळत होती. तो ढेकर देत होता, रडत होता आणि गिळत होता. कढई मात्र कमी होत नव्हती. जेवढं काढावं तेवढं खालून वर येत होतं.

"काका, पुरे!"

"सोडवत नाही गं... सोडवत नाही..."

मग पळीत एक तुकडा वर आला. कातडीसकट. कातडी पांढरी, फुगलेली.

तिच्यावर निळी खूण होती. कोयत्यासारखी वाकडी.

लानयेने त्या कोयत्यावरून बोट फिरवलं होतं. शंभरदा फिरवलं होतं.

मालकाने तो तुकडा तोंडात टाकला आणि चावला.

ती तिथेच कोपऱ्यात ओकली. पोटातलं सगळं गेलं, तरी ओकत राहिली. आणि ओकता ओकता ओट्याच्या भिंतीवर तिने मुठी आपटल्या. "बाबा! मेल्यावरही यालाच वाढताय? लाज नाही वाटत तुम्हाला? आम्ही कोण तुमचे? आई कोण तुमची?"



आतून एक वीट सरकल्याचा आवाज झाला... हलकाच.

संध्याकाळी धूळ बसली तेव्हा हे-आजी दोन बायकांना घेऊन पिसं बघायला आली. दारातच तिने नाक वर केलं. खोलीत जळक्या पिसाचा वास, ओकारीचा वास. मालक चुलीला टेकून बसलेला, पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, तोंड काळं. कढई कोरडी. तळाशी थेंबसुद्धा नाही. धुऊन पुसून ठेवल्यासारखी.

हे-आजीने वाकून राखेतली काळी काडी उपटली.

"थिंगयू," ती म्हणाली, "खाऊन खाऊन एवढंच खायचं राहिलं होतं का रे तुझं?"

"चूल पेटलीच नाही!" मालक ओरडला. "हात लावून बघा! सकाळपासून गार आहे. विचारा या पोरीला. काडी पेटलीच नाही. लानये, सांग! खरं ते सांग!"

आणि गंमत बघा. जन्मात पहिल्यांदा तो खरं बोलत होता.

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

लानयेने तोंड पुसलं.

"पेटवली," ती म्हणाली. "मी पेटवली. काकांनी सांगितलं म्हणून."

"खोटं! खोटं बोलतेय रांड!"

"मग पीस आपलं आपण जळलं का रे?" हे-आजी म्हणाली. "दंड भरायचा. उद्याच्या उद्या. खाणीची भिंत फोडायची."

मालकाने आरडाओरडा केला, माणसांना हाका मारल्या. एकही माणूस आला नाही. नोकरी जाईल ही भीती होती. पण गारा पडून वर्षाचं पीक जाईल, ही भीती त्याहून मोठी.

छिंगमिंगच्या सकाळी बायकांनीच कुदळी उचलल्या. मग पुरुष आले. भिंतीच्या पहिल्या चार विटा निघाल्या आणि आतली उष्ण हवा बाहेर आली. सगळे मागे सरले.

मानतुन भिंतीला लागूनच बसला होता. तोंड बाहेरच्या बाजूला. आतल्या धगीने वाळून चामडं झालेला, धुरावर टांगलेल्या मटणासारखा. हातात दगड. भिंतीच्या आतल्या अंगाला विटांवर खड्डेच खड्डे पडले होते.

माझ्या आजीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ती पुढे झाली, गुडघ्यांवर बसली आणि हातांनी नवरा चाचपायला लागली. तोंड. छाती. उजवी मांडी, तिच्यातला खळगा. "हेच माझं माणूस," म्हणाली.

मग तिचा हात डाव्या मांडीवर गेला... आणि थांबला.

"लानये, ही मांडी तर धड होती गं."

डाव्या मांडीला मांस नव्हतं. हाडापर्यंत साफ कापलेलं.

आजीने हात वर केला. बाकीचं सगळं शरीर खडखडीत वाळलेलं, आणि तिची बोटं ओली होती. लाल.

हे-आजीने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडला आणि मांडीवर घातला. त्याच दिवशी डोंगराच्या उताराला त्याला पुरलं. वाळुंजाची फांदी लावली. आता आमच्याकडे झाडायला कबर आहे. मी दर वर्षी जातो.

रेन थिंगयू त्यानंतर सहा वर्षं जगला. काहीही वाढलं तरी वाडग्यात बघायचा आणि विचारायचा, "ससा नाही का?" नाही म्हटलं की गप्प बसायचा, आणि तोंड हलत राहायचं. मेला तेव्हा त्याला धुणाऱ्या बाईने सांगितलं, त्याच्या दोन्ही गालांना आतून मांस उरलं नव्हतं.

मानतुनने तो रस्सा का वाढला? सूड म्हणून, की सवय म्हणून? चाकरी हाडात एवढी मुरते का, की मेल्यावरही माणूस धन्यासाठी स्वतःला कापतो? मला सूडच वाटतो. वाटावा अशी इच्छा आहे. आत्याला विचारलं तर ती मान फिरवते.

ती दर वर्षी त्या दिवशी स्वतःच्या थंड चुलीत पीस खोचते. एवढ्या वर्षांत एकदाही जळलेलं नाही. तरी संध्याकाळपर्यंत ती चुलीपासून हलत नाही.

गेल्या वर्षी मी तिच्यासोबत बसलो होतो. मी म्हणालो, "आत्या, मेला तो. संपलं सगळं. खाणाऱ्याने खाल्लं, त्यात तुझा काय दोष?"

तिने पिसाभोवतीची राख बोटाने सारखी केली.

"त्याला वाढायच्या आधी," ती म्हणाली, "मी पळी तोंडाला लावली होती रे. सवयीने. मीठ बघायला."



"आणि?"

तिने ओठ मिटून घेतले. मग हळूच, चुलीला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"बरोबर होतं."